तक्रार करायचीय, पण कुठल्या दारात?

वैजापुरातून बारावी करून पुढच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या प्रत्येकाने रूम शोधली आहे. फोनवर सगळं ठरतं. भाडं किती, डिपॉझिट किती, नळाला पाणी कधी येतं, गाडी कुठे लावायची. मग अगदी शेवटी, सहज विचारल्यासारखं येतं, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ नाव सांगितलं की पलीकडे दोन सेकंद शांतता. ‘घरात विचारून कळवतो हं.’ तो फोन पुन्हा येत नाही. दुसऱ्या दिवशी तुमचाच मित्र त्याच नंबरवर दुसरं आडनाव सांगून फोन करतो, तर रूम रिकामीच असते.

आता तुम्ही काय करता? बहुतेक जण गिळून टाकतात. ‘जाऊ दे ना, दुसरी बघू.’ काही जण स्टोरी टाकतात आणि मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना टॅग करतात. चोवीस तासांनी स्टोरी जाते, विषयही जातो. थोडे जण मात्र पेटतात आणि म्हणतात, ‘मी मानवी हक्क आयोगात जाणार.’ हे तिसरे मला सगळ्यात जास्त आवडतात आणि सगळ्यात जास्त काळजीही त्यांचीच वाटते. त्यांच्यात हिंमत आहे, पण बऱ्याचदा ते चुकीचं दार वाजवतात. कागद मुंबईला जातो, तिथून कधीतरी ‘आपली तक्रार आयोगाच्या कार्यकक्षेत येत नाही’ असं उत्तर येतं आणि पोरगा म्हणतो, ‘बघ, काहीच होत नसतं.’ काही तरी होणारं दार त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दर वर्षी १० डिसेंबरला आपण मानवी हक्क दिन साजरा करतो. कॉलेजात कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, १९४८ च्या जाहीरनाम्यावर बोलतात, चहा-बिस्किटं होतात. हक्क कोणते हे सगळे सांगतात. तो हक्क कुणी पायाखाली घेतला तर कागद कुठे द्यायचा, हे त्या तासाभरात कुणी बोलत नाही. आजचं हे पान त्यासाठी.

आयोगापासूनच सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला दिल्लीत राष्ट्रीय आयोग आला. महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ पासून काम करतोय. कायद्याने आयोगाला काम दिलंय ते असं : सरकारी नोकराने मानवी हक्कांचं उल्लंघन केलं, त्याला साथ दिली किंवा ते थांबवण्यात हयगय केली, तर चौकशी करायची. ‘सरकारी नोकर’ हे दोन शब्द अधोरेखित करा. पोलीस, तुरुंग, सरकारी दवाखाना, शासकीय वसतिगृह, तहसील, नगरपालिका, जिल्हा परिषदेची शाळा हे सगळं त्यात येतं. खासगी घरमालक, किराणा दुकानदार, सलूनवाला, गावचा पुढारी हे त्यात थेट येत नाहीत. पण हाच घरमालकाचा किंवा पुढाऱ्याचा विषय घेऊन तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात आणि तिथे तुम्हाला हाकलून लावलं, तर आता सरकारी नोकराची हयगय झाली. आता आयोगाचं दार उघडतं. म्हणजे बऱ्याच प्रकरणांत आयोग ही दुसरी पायरी आहे, पहिली नाही.

आयोगाकडे जाताना आणखी दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात आणि त्यातच प्रकरणं मरतात. घटनेला एक वर्ष होऊन गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’, ‘बहिणीचं लग्न होऊ दे, मग बघू’ असं करत आपल्याकडे वर्ष सहज निघून जातं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं अगदी हेच झालं. वसतिगृहातल्या वागणुकीची सहा पानांची तक्रार त्याने अक्षर काढून लिहिली होती, पण ती पोस्टात पडली घटनेनंतर चौदाव्या महिन्यात. दुसरी गोष्ट, एकच तक्रार राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे पाठवून फायदा नाही. राज्य आयोगापुढे विषय चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. ‘सगळीकडे टाकून ठेवू, कुठेतरी लागेल’ ही नोकरीच्या अर्जांची पद्धत इथे चालत नाही. तक्रार निनावी असेल, काय घडलं ते कळतच नसेल, किंवा मूळ पत्र दुसऱ्यालाच लिहून आयोगाला नुसती प्रत पाठवली असेल, तरीही ती बाजूला पडते. न्यायालयात चालू असलेला वाद, शेताच्या बांधाचं भांडण, नोकरीतली बढती-बदली हेसुद्धा आयोग घेत नाही.

चांगली बाजू अशी की फी एक रुपयाही नाही आणि वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलं चालतं, साध्या कागदावर चालतं. राष्ट्रीय आयोगाकडे ऑनलाइनही तक्रार करता येते आणि १४४३३ ही त्यांची मोफत हेल्पलाइन आहे. राज्य आयोगाचं कार्यालय मुंबईत हजारीमल सोमाणी मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच आहे. रोटेगाव स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसलात तर उतरून रस्ता ओलांडायचा, एवढंच. अर्थात तेवढ्यासाठी जायची गरज नाही, स्पीड पोस्टाने भागतं.

आयोग काय करू शकतो हेही नीट समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा नको. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यात त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. शेवटी मात्र तो शिफारस करतो : नुकसानभरपाई द्या, खटला भरा, कारवाई करा. तो कुणाला तुरुंगात टाकत नाही. ‘मग काय उपयोग?’ असं लगेच म्हणू नका. आपल्याच मराठवाड्यातलं परभणीचं प्रकरण आठवा.

१० डिसेंबर २०२४, मानवी हक्क दिनालाच परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झालं आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं मत तिथे नोंदवलं गेलं. पुढे काय काय घडलं ते क्रमाने बघा, कारण आपला आजचा सगळा विषय त्या क्रमात आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करावी लागते, ती झाली. तो अहवाल राज्य मानवी हक्क आयोगापुढे गेला आणि आयोगाने मार्च २०२५ मध्ये पोलिसांसह संबंधितांना नोटिसा काढल्या. तरी गुन्हा नोंद होत नव्हता. आई विजयाबाई यांनी मुलगा गेल्यावर डिसेंबरमध्येच पोलिसांत लेखी तक्रार दिलेली होती. ती घेऊन त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही सरकारची मागणी टिकली नाही.

पोलिसांवरचे आरोप अजून खटल्यात सिद्ध व्हायचे आहेत, त्यावर इथे निकाल द्यायचा नाही. मला दाखवायचाय तो कागद. दुःखात बुडालेल्या घरातल्या एका बाईने दिलेली लेखी तक्रार सात महिन्यांनी उच्च न्यायालयाच्या आदेशाचा पाया झाली. तोंडी सांगून आल्या असत्या तर हा पायाच नसता.

म्हणून आता आपल्या तालुक्यात येऊ. पहिलं दार बहुतेक वेळा पोलीस ठाणं असतं. वैजापूर तालुक्यात वैजापूर, शिऊर आणि वीरगाव अशी ठाणी आहेत. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठेही घडली असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायचीच आहे. घटना शिऊर हद्दीतली असली आणि तुम्ही वीरगावला गेलात, तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवणं त्यांचं काम. मेल किंवा ऑनलाइनही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागून घ्या.

आणि ‘एनसी’ हा प्रकार ओळखायला शिका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. डायरीत दोन ओळी, तुमच्या हातात एक चिठ्ठी आणि पुढे तपास नाही. गंभीर प्रकार एनसीवर मिटवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. घरचे खूश, ‘तक्रार तर घेतली ना!’ पण ती एफआयआर नसते.

ठाण्याने घेतलंच नाही तर? घरी परत येऊ नका. म्हणजे जेवायला या, पण विषय सोडू नका. तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक, छत्रपती संभाजीनगर ग्रामीण यांच्याकडे पोस्टाने पाठवा. कायद्यातच ही पायरी दिलेली आहे. तिथेही काही झालं नाही तर वैजापूरच्या न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो आणि ते पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. पण अधीक्षकांकडे पाठवल्याची पोस्टाची पावती नसेल तर न्यायालय विचारणारच, ‘आधी तिकडे गेला होतात का?’ ती पावती पाकिटात नका ठेवू, तिचा फोटो काढा, दोन महिन्यांत शाई उडते.

आता पुन्हा त्या रूमकडे. आडनाव ऐकून रूम नाकारली, ही गोष्ट कुठल्या कायद्यात बसते? तुम्ही अनुसूचित जातीचे असाल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा बघा. आपण सगळे ‘अ‍ॅट्रॉसिटी’चंच नाव घेतो आणि हा जुना कायदा विसरून जातो. याच्या कलम ४ मध्ये दुकान, हॉटेल, पाणवठा, स्मशान यांच्या जोडीला राहण्याची जागा घेणं आणि तिथे राहणं याचाही उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून त्यात आडकाठी आणली तर एक ते सहा महिने कैद. कलम १२ तर आणखी महत्त्वाचं : असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झालं असेल, तर ते अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. ‘मी जातीमुळे नाही, दुसऱ्या कारणाने नाही म्हटलं’ हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर जाते. (दंड मात्र १०० ते ५०० रुपये. स्टँडवर चार जणांचा चहा-नाष्टा केला तरी तेवढे जातात. हा आकडा कधीतरी कुणीतरी बदलायला हवा.) प्रत्यक्षात हे कलम टिकेल का, ते तुमच्याकडे काय पुरावा आहे यावर ठरेल. म्हणून ते मेसेज डिलीट करू नका, कॉल रेकॉर्ड झाला असेल तर मूळ फोन जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट फॉरवर्ड करत राहिलात आणि फोन विकून टाकलात तर कोर्टात अडचण येते.

आणि तुम्ही मुस्लिम असाल, एकटी राहणारी मुलगी असाल, परप्रांतातून आलेले असाल तर? इथे मला खोटा धीर द्यायचा नाही. खासगी घरमालकाने धर्म किंवा वैवाहिक स्थिती बघून घर नाकारलं तर थेट लागू पडेल असा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा भारतात नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांचं नाव घेतं, भाड्याच्या घराचं घेत नाही. २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा मान्य केली होती. खासदार शशी थरूर यांनी भेदभावविरोधी कायद्याचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘अन्याय’ म्हणतो, त्यातल्या एका मोठ्या भागाला तक्रारीचं दारच नाही. तक्रार कुठे करायची हे सांगणाऱ्या पानाने हेही सांगायला हवं. ही मागणी तुमच्या पिढीने करायची आहे. आमदार-खासदार मत मागायला येतात तेव्हा रस्ता आणि डीपीच्या जोडीला हाही प्रश्न विचारता येतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कोणती कृत्यं आली ते वाचलं तर आपल्या गावांचीच यादी वाटते. लग्नाची वरात अडवणं, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणं, मोटारसायकल किंवा नवे कपडे यावरून अडवणं, स्मशानभूमी किंवा विहीर वापरू न देणं, सामाजिक-आर्थिक बहिष्कार टाकणं. ज्याने हे लिहिलं त्याने गाव बघितलेलं होतं. या कायद्याखाली ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू’ असं म्हणता येत नाही, २०१८ मध्ये तसं स्पष्ट कलम आलं. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, म्हणजे आपल्याकडे उपविभागीय पोलीस अधिकारी. आणि अनुसूचित जाती-जमातीत नसलेल्या सरकारी नोकराने या कायद्याखालचं कर्तव्य मुद्दाम टाळलं तर त्यालाच सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. शांतपणे, आवाज न चढवता हे कलम ४ तोंडी आलं तरी टेबलापलीकडचा सूर कधीकधी बदलतो.

२०१६ च्या नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या प्रकारानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळतं. एफआयआर, आरोपपत्र, निकाल असे ते टप्पे. त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाशी संपर्क ठेवावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, प्रकरण रखडलं की तिच्यापुढे अर्ज देता येतो. देशभरासाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे. राज्याचा अनुसूचित जाती आयोगही मुंबईत आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सांगायची आहे. ‘अ‍ॅट्रॉसिटी टाकतो’ हे वाक्य बांधाच्या भांडणात शस्त्रासारखं वापरू नका, त्याने उद्या खऱ्या तक्रारदाराची किंमत कमी होते. आणि दुसरीकडे ‘गावातलं गावात मिटवून घ्या’ म्हणत ओट्यावर बसवणाऱ्या जाणत्यांनीही लक्षात घ्या, हा गुन्हा गावकीच्या बैठकीत मिटत नसतो. खर्ड्याचं प्रकरण फार लांबचं नाही. गोदावरी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा, त्यातला जामखेड तालुका. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. दिवसाढवळ्या घडलेली गोष्ट कुणी पाहिलीच नव्हती! म्हणून साक्षीदारांचे जबाब लवकरात लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या, अशी लेखी मागणी करायला शिका. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा आणि जामिनाच्या सुनावणीत म्हणणं मांडण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १५-अ मध्ये आहे.

जातपंचायतीने स्वतःच्याच माणसाला वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. आंतरजातीय लग्न केलेल्यांनी हा लक्षात ठेवावा. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

कॉलेजातल्या भेदभावाचं दार कॉलेजातच असायला हवं. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा आणि तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागायला हवा. तुमच्या कॉलेजातल्या त्या अधिकाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे? मला माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांत कधी कळलं नाही आणि विचारायला हवं होतं हेही सुचलं नाही. उद्या ऑफिसात जाऊन विचारा. ‘असं काही नसतं’ असं उत्तर आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. जळगाव जिल्ह्यातल्या डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये मुंबईत वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला. त्यानंतर त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी हीच होती : कागदावर असलेलं हे दार कॉलेजांत खरोखर उघडं आहे का ते बघा. रॅगिंगसाठी मात्र कॉलेजवर अवलंबून राहू नका, १८००-१८०-५५२२ वर थेट फोन करा.

मुलींनो, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर मुदत लक्षात ठेवा, तीन महिने. दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. मेडिकल, कापडाचं दुकान, छोटं ऑफिस अशा ठिकाणी ती नसते. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्यालाही तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने सात दिवसांत ती पुढे पाठवायची असते. तहसीलला चौकशी करा. तातडीच्या मदतीला १८१ आहे, अगदी जिवावर आलं तर ११२. अठराच्या आतल्यांसाठी १०९८. दिव्यांग मित्रांसाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिकडे लेखी तक्रार जाते.

एवढं वाचून डोकं गरगरलं असेल तर ते स्वाभाविक आहे. म्हणूनच एक दार शेवटी राखून ठेवलंय, खरं तर ते पहिलं असायला हवं होतं. वैजापूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. तिथे जाऊन फक्त एवढं म्हणायचं, ‘माझ्यासोबत असं असं झालंय, मी कुठे जाऊ?’ तक्रार कुठल्या कायद्यात बसते हे ठरवणं त्यांचं काम. फोन करायचा तर १५१००. कोर्टाच्या पायऱ्या चढायची आपल्या घरात इतकी धास्ती असते की फुकट मिळणारं हे दार बघायलाही कुणी जात नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ज्याने म्हटलं त्याला बहुधा न्याय मागायची वेळ आली नसावी.

वेळ लागतो, हे मान्य. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो, २० मार्च १९२७. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळं खासगी आहे म्हणून बाबासाहेबांवर दावा ठोकला गेला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात संपला १९३७ च्या मार्चमध्ये, हे कमी जणांना माहीत असतं. दहा वर्षं बाबासाहेब तो खटला तारखेमागून तारीख लढत होते.

आता अर्ज कसा लिहायचा ते सांगून थांबतो, कारण चांगल्या चांगल्या तक्रारी इथेच पडतात. ‘माझ्यावर वारंवार अन्याय होत आहे’ असं लिहू नका. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, कोण काय म्हणालं. शिवी दिली असेल तर ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहून थांबू नका, लाज वाटली तरी नेमके शब्द लिहा. अपमान चारचौघांत झाला का, हे न्यायालय बघतं, म्हणून तिथे आणखी कोण कोण हजर होतं ते नावानिशी लिहा. समोरच्याची जात माहीत असेल तर तीही लिहा. मागणी काय आहे ते शेवटी एका वाक्यात. दोन प्रती काढा, एक आवकला द्या आणि दुसरीवर सही-शिक्का-तारीख घ्या. बाबू म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की देतो.’ तुम्ही म्हणा, ‘पोच द्या, मी थांबतो.’ आणि खरंच बाकावर बसून थांबा.